एक नाम, अनेक रूपे : पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिकच्या रूपभेदांचे मापन

१. प्रास्ताविक

'नियमाला हरताळ फासणे' हा वाक्प्रचार मराठीत आपण नित्य वापरतो. परंतु तो हस्तलिखितांच्या जगातून आला आहे, याचे भान आपल्याला बहुधा नसते. पोथी लिहिताना लेखनिकाच्या हातून चूक झाली, की त्या अक्षरांवर हरताळाचा पिवळा लेप देऊन ती झाकली जात आणि लेप वाळल्यावर त्यावर शुद्ध पाठ लिहिला जाई. दुकाने बंद ठेवण्याच्या अर्थाचा 'हरताळ' हा शब्द व्युत्पत्तीने निराळा होय. पोथ्यांतला हरताळ म्हणजे आर्सेनिक आणि गंधक यांचे संयुग. हस्तलिखितांचा अभ्यास करणाऱ्या आपल्यापैकी अनेकांनी हे द्रव्य नकळत हाताळलेले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र पोथ्यांतील हरताळ हा नसून पिण्याच्या पाण्यातील आर्सेनिक हा आहे. त्यातही आर्सेनिक किती आहे यापेक्षा ते कोणत्या रूपात आहे, हे कसे मोजतात, याचे विवरण येथे करावयाचे आहे. साहित्याच्या अभ्यासकाने या विषयाला हात का घालावा, असा प्रश्न कोणालाही पडेल. त्याचे निमित्त साधे आहे. काही वर्षांपूर्वी रसायनशास्त्राच्या एका सहकाऱ्याने पाणी तपासणीसंबंधीच्या एका पत्रकाचा मराठी अनुवाद माझ्याकडे तपासण्यासाठी दिला. त्यात 'आर्सेनिकच्या प्रजाती' असा शब्दप्रयोग होता. भाषा शुद्ध होती, म्हणून मी तो तसाच राहू दिला. सहकाऱ्याने दुसऱ्या दिवशी विचारले, "पाण्यात प्रजाती आहेत म्हटल्यावर वाचणारा काय समजेल? किडे?" प्रश्न रास्त होता आणि माझ्याजवळ उत्तर नव्हते. ते शोधताना जे समजले, ते तौलनिक साहित्याच्या अभ्यासकांपुढे ठेवावेसे वाटते. एकाच नावाखाली वावरणाऱ्या भिन्न रूपांचा विवेक करणे हे आपलेही काम आहे; येथे त्या विवेकावर माणसांचे आरोग्य अवलंबून आहे, एवढाच फरक.

२. मूलद्रव्य आणि त्याची नावे

भारतीय रसशास्त्राला आर्सेनिकची किमान तीन द्रव्ये सुपरिचित होती : पिवळा हरताळ, तांबूस मनःशिला आणि पांढरा सोमल, ज्याला 'गौरीपाषाण' असेही नाव आहे. 'रसरत्नसमुच्चया'त हरताळ आणि मनःशिला यांची गणना उपरसांत, तर गौरीपाषाणाची साधारण रसांत केलेली आहे. म्हणजे तिन्ही द्रव्यांत एकच मूलद्रव्य आहे ही कल्पना त्या वर्गीकरणात नाही. वर्ण, गुण आणि उपयोग यांवरून त्यांची नावे व स्थाने ठरली आहेत. 'हरिताल' या संस्कृत नावात पिवळेपणा आहे. फारसीतील 'झर्नीख' या शब्दातही सोनेरी रंगाचा निर्देश आहे. हाच शब्द ग्रीकमध्ये 'आर्सेनिकॉन' झाला आणि तेथून युरोपीय भाषांत 'आर्सेनिक' म्हणून रूढ झाला. एका पिवळ्या खनिजाचे नाव अशा रीतीने कालांतराने संपूर्ण मूलद्रव्याचे नाव ठरले.

या दोन व्यवस्थांमधील अंतर लक्षात घेण्यासारखे आहे. जुन्या व्यवस्थेत रूपे होती, परंतु त्यांना जोडणारे एक नाव नव्हते. आधुनिक व्यवस्थेत एक नाव मिळाले; पण कायदा, मानके आणि वृत्तपत्रे यांच्या भाषेत त्या नावाखालील रूपे दिसेनाशी झाली. 'पाण्यात आर्सेनिक ६० मायक्रोग्रॅम' या विधानात रूपाचा उल्लेखच नसतो. आजचे रसायनशास्त्र रूपाचा जो प्रश्न पुन्हा विचारत आहे, त्याची पार्श्वभूमी ही आहे.

३. नलकूपांचा प्रदेश

प्रश्न जेथे सर्वाधिक तीव्रतेने उभा राहिला, तो प्रदेश म्हणजे गंगा, ब्रह्मपुत्रा आणि मेघना यांचा त्रिभुज प्रदेश. १९७० नंतरच्या दशकांत पूर्व बंगालात व पश्चिम बंगालात लाखो नलकूप खोदले गेले. तलाव व नद्यांच्या पाण्यातून पसरणाऱ्या पटकी, अतिसार यांसारख्या रोगांपासून लोकांची सुटका करणे हा त्यामागील हेतू होता आणि तो मोठ्या प्रमाणात सफलही झाला. जमिनीखालचे पाणी निर्मळ, थंड आणि जंतुरहित होते. त्यात आर्सेनिक असेल, अशी शंका कोणाला आली नाही. कारण आर्सेनिकला त्या प्रमाणात रंग, वास वा चव नसते.

१९८३मध्ये कोलकात्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमधील त्वचारोगतज्ज्ञ डॉ. क्षितीशचंद्र साहा यांच्यासमोर अंगावर पावसाच्या थेंबांसारखे डाग आणि तळहात-तळपायांवर कठीण पुटे असलेले ग्रामीण रुग्ण आले, आणि या लक्षणांचा संबंध नलकूपाच्या पाण्यातील आर्सेनिकशी जोडला गेला. १९८८पासून जादवपूर विद्यापीठाचे प्रा. दीपंकर चक्रवर्ती आणि त्यांचे सहकारी गावोगावी हिंडून नमुने गोळा करू लागले. हे काम त्यांनी २०१८मधील आपल्या निधनापर्यंत चालविले. बांगलादेशात १९९३मध्ये चापाइनवाबगंज जिल्ह्यात आर्सेनिक प्रथम आढळले. २०००मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मुखपत्रात अॅलन स्मिथ आणि सहलेखकांनी बांगलादेशातील या घटनेला लोकसमूहाच्या विषबाधेची इतिहासातील सर्वांत मोठी घटना म्हटले. २००२मध्ये बिहारच्या भोजपूर जिल्ह्यातील सेमरिया ओझापट्टी येथे ते सापडले आणि प्रश्न केवळ बंगालचा नाही, हे स्पष्ट झाले. २०२०मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जागतिक अभ्यासाने धोक्याच्या छायेतील लोकसंख्या ९.४ कोटी ते २२ कोटी असावी असा अंदाज केला असून त्यांतील बहुसंख्य आशियातील आहेत.

येथे अनुवादाचा एक मुद्दा नोंदविणे आवश्यक वाटते. वर उल्लेखिलेल्या पत्रकात बंगालीतील 'नलकूप' या शब्दाचा अनुवाद 'विंधन विहीर' असा केलेला होता. महाराष्ट्रातील वाचकाला तो सहज वाटेल. परंतु विंधन विहीर म्हटले, की आपल्यासमोर दख्खनचा काळा कातळ आणि त्याला भोक पाडणारे यंत्र येते. बंगालातील नलकूप कातळ फोडत नाही. तो वाळू आणि गाळाच्या थरांत उतरविलेला नळ असतो. हा गाळ हिमालयातून नद्यांनी आणलेला असून त्याच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडांचे आवरण असते आणि त्या आवरणाला आर्सेनिक चिकटलेले असते. गाळात गाडल्या गेलेल्या सेंद्रिय द्रव्यावर जगणारे सूक्ष्मजीव, ऑक्सिजन संपल्यावर, लोहाच्या या आवरणाचे क्षपण करतात. आवरण विरघळते आणि त्याबरोबर आर्सेनिक पाण्यात मोकळे होते. म्हणजे ऑक्सिजनचा अभाव ही या विषाच्या मुक्ततेची अट आहे. हवेशी संपर्क असलेल्या उघड्या विहिरींत ते सहसा कमी आढळते, आणि १५० मीटरांहून खोल, प्राचीन थरांतील पाण्यातही ते बहुधा अल्प असते. 'विंधन विहीर' या शब्दाने हे सारे भूशास्त्र पुसले जाते.

तथापि, कातळातही हा धोका नाहीच असे नव्हे. महाराष्ट्राच्या सीमेलगत, छत्तीसगडच्या त्या वेळच्या राजनांदगाव जिल्ह्यातील अंबागड चौकी परिसरात, कौडीकसा आणि आसपासच्या गावांत, खडकांमधून आलेले आर्सेनिक भूजलात आढळल्याचे १९९९मध्ये प्रसिद्ध झाले. बंगालपेक्षा तेथील कारण वेगळे होते. नाव तेच, लक्षणे तीच. उगम मात्र निराळा.

४. रूपभेद म्हणजे काय?

भूजलात आर्सेनिक प्रामुख्याने दोन रूपांत असते. पहिले रूप त्रिसंयुजी, म्हणजे आर्सेनाइट. दुसरे पंचसंयुजी, म्हणजे आर्सेनेट. ऑक्सिजन नसलेल्या पाण्यात आर्सेनाइटाचे प्रमाण अधिक असू शकते. हवेच्या सान्निध्यात ते हळूहळू आर्सेनेटात बदलते. याशिवाय मिथिल गट जोडलेली दोन सेंद्रिय रूपे आहेत. पिण्याच्या पाण्यात ती सहसा नगण्य असतात, परंतु माणसाच्या मूत्रात तीच प्रमुख असतात. सागरी मासे व कोळंबी यांत आढळणारे आर्सेनोबीटाइन हे आणखी एक रूप. ते शरीरातून जवळजवळ जसेच्या तसे बाहेर पडते आणि व्यवहारतः निरुपद्रवी मानले जाते.

ही रूपे केवळ नावापुरती वेगळी नाहीत. आर्सेनाइट प्रथिनांतील गंधकयुक्त गटांना घट्ट बिलगते आणि त्यांचे कार्य थांबविते. आर्सेनेटाची रचना फॉस्फेटासारखी असल्यामुळे ते पेशीतील फॉस्फेटाची जागा घेते. त्याचे विष तोतयाचे आहे. शरीरात गेलेल्या आर्सेनेटाचे आर्सेनाइट होते, पुढे त्याला मिथिल गट जोडले जातात आणि ते मूत्रावाटे बाहेर पडते. मिथिल गट जोडले जाणे म्हणजे विष उतरणे, अशी समजूत दीर्घ काळ होती. २०००च्या सुमारास या मार्गावरील काही त्रिसंयुजी मिथिल रूपे आर्सेनाइटाहूनही अधिक विषारी असल्याचे दिसून आले, आणि त्या समजुतीचा फेरविचार करावा लागला. एकूण आर्सेनिकच्या मोजणीतून हा फेरविचार कधीच निष्पन्न झाला नसता.

आणखी एक भेद मापनाच्या दृष्टीने निर्णायक आहे. सामान्य पिण्याच्या पाण्याची आम्लता उदासीन बिंदूच्या जवळपास असते. अशा पाण्यात आर्सेनेट ऋण विद्युतभार धारण करते. आर्सेनाइटाच्या रेणूवर मात्र भार नसतो. या साध्या वस्तुस्थितीवर रूपे वेगळी करण्याच्या बहुतेक पद्धती उभ्या आहेत; आणि पाणी शुद्ध करणारी अनेक संयंत्रे आर्सेनाइटापुढे दुबळी पडतात, त्याचेही एक प्रमुख कारण हेच आहे.

५. नमुना आणि त्याचे स्थित्यंतर

पाठचिकित्सेचा अभ्यासक जाणतो, की मूळ संहिता आणि आपल्या हातातील प्रत यांच्यामध्ये लेखनिकांची एक साखळी असते आणि तिच्या प्रत्येक कडीत पाठ बदलण्याची शक्यता असते. नलकूप आणि प्रयोगशाळा यांच्यामधील अंतरही असेच आहे. नलकूपातून पाणी बाटलीत भरताच त्याला हवा लागते. पाण्यात विरघळलेले लोह काही मिनिटांत ते काही तासांत तांबूस साका होऊन खाली बसू लागते आणि पाण्यातील आर्सेनिक त्या साक्याला चिकटते. दरम्यान आर्सेनाइटाचे आर्सेनेट होत राहते. बाटली दोन दिवसांनी प्रयोगशाळेत पोहोचली आणि वरचे स्वच्छ पाणी तपासले, तर एकूण आर्सेनिक कमी भरते आणि उरलेल्यात आर्सेनेटाचे प्रमाण खोटे वाढलेले दिसते. यंत्र बिनचूक असते. त्याच्यासमोर आलेला पाठच भ्रष्ट असतो.

आर्सेनिक-मापनाच्या इतिहासाचा आरंभच अशा एका भ्रष्ट पुराव्यापासून झाला, असे म्हणता येईल. १८३२मध्ये इंग्लंडमधील एका विषप्रयोगाच्या खटल्यात जेम्स मार्श या रसायनशास्त्रज्ञाने मृताच्या कॉफीतील आर्सेनिक पिवळ्या साक्याच्या स्वरूपात दाखविले. परंतु पंचांपुढे येईपर्यंत तो साका बिघडला आणि आरोपी सुटला. या अपयशातून मार्शने १८३६मध्ये आपली प्रसिद्ध परीक्षा सिद्ध केली.

आज नमुना टिकविण्यासाठी काही दक्षता घेतल्या जातात. पाणी विहिरीपाशीच अत्यंत बारीक, बहुधा ०.४५ मायक्रॉन छिद्रांच्या, गाळणीतून गाळतात. ते अपारदर्शक बाटलीत भरतात, कारण लोहाच्या उपस्थितीत प्रकाशामुळे रूपांतर वेगाने होते. आणि ते थंड ठेवतात. लोहाचा साका होऊ नये म्हणून अम्ल किंवा लोहाला बांधून ठेवणारे ईडीटीए हे द्रव्य घालतात. येथेही निवड सोपी नाही. केवळ एकूण आर्सेनिक मोजायचे असेल, तर नायट्रिक अम्ल चालते. रूपे मोजायची असतील, तर ते टाळावे लागते, कारण ते स्वतःच आर्सेनाइटाचे ऑक्सिडीकरण घडवू शकते. हायड्रोक्लोरिक अम्ल वापरावे, तर त्यातील क्लोरीन पुढे मापकयंत्राची फसगत करते. तिचा उल्लेख पुढे येईल.

यावर एक सुंदर तोड आहे. आर्सेनेट ऋणभारित असते, म्हणून ऋण आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनच्या छोट्या नळीतून विहिरीपाशीच पाणी सोडतात. आर्सेनेट नळीत अडकते, भाररहित आर्सेनाइट पलीकडे जाते. दोघांची फारकत विहिरीच्या काठावरच झाल्यामुळे नंतर वाटेत कोणाचे काय रूपांतर झाले, याला महत्त्व राहत नाही. बाटलीत जे आहे, ते विहिरीत आर्सेनाइट होते, एवढे निश्चित सांगता येते.

६. मापनाच्या पद्धती

मापनाचे प्रमाण किती सूक्ष्म आहे, याची कल्पना असणे इष्ट. जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस लिटरमागे १० मायक्रोग्रॅम अशी आहे. दहा हजार लिटरांचे दहा टँकर पाण्याने भरून त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम आर्सेनिक मिसळले, तर हे प्रमाण होते.

मार्शची परीक्षा पुढील सर्व रासायनिक पद्धतींची जननी होय. जस्त आणि अम्ल यांच्या संयोगाने निर्माण होणारा हायड्रोजन आर्सेनिकशी मिळून आर्सीन हा वायू तयार होतो. तो जाळून थंड चिनी मातीवर धरला, की धातूसारखा चकाकणारा काळसर डाग पडतो. १८४०मध्ये फ्रान्समधील लाफार्ज खटल्यात या परीक्षेने निर्णायक भूमिका बजावली आणि न्यायालयात रसायनशास्त्राला प्रतिष्ठा मिळाली. त्यानंतर दोन दशकांच्या आत फ्लोबेरच्या 'मादाम बोव्हारी'ची नायिका आर्सेनिकनेच मरते, आणि विसाव्या शतकातील गुप्तहेरकथेत तर ही परीक्षा कथानकाचा भाग बनते. युरोपीय साहित्याने आर्सेनिक ओळखले ते एका घरात, एका प्याल्यात, एका अपराध्याच्या हातून दिलेले विष म्हणून. बंगालच्या नलकूपात अपराधी नाही, हेतू नाही आणि मृत्यू पंधरा-वीस वर्षांच्या संथ गतीने येतो. या घटनेसाठी विषप्रयोगाच्या कथेचा परिचित साचा उपयोगी पडत नाही, हे तौलनिक अभ्यासकाने ध्यानात घेण्याजोगे आहे.

१८७९मध्ये माक्स गुट्झाइट याने मार्शची पद्धत सुलभ केली. आर्सीन वायू पाऱ्याच्या क्षाराने भिजविलेल्या कागदावर सोडला, की कागद पिवळा ते तपकिरी होतो. रंगाची छटा छापील पट्टीशी ताडून प्रमाण ठरवितात. आजचे क्षेत्रीय तपासणी संच बहुतांशी याच तत्त्वावर चालतात. ते स्वस्त आहेत, विजेशिवाय चालतात आणि उत्तर अर्ध्या तासाच्या आसपास देतात. मात्र डोळ्याने रंग ताडणे हे व्यक्तीगणिक बदलते, आणि मर्यादेच्या आसपासच्या प्रमाणात चूक होण्याचा संभव सर्वाधिक असतो. २००२मध्ये जादवपूरच्या संशोधकांनी या संचांच्या विश्वसनीयतेवर गंभीर प्रश्न उपस्थित केले. शिवाय हे संच अकार्बनी आर्सेनिकची एकत्रित राशी दाखवितात; आर्सेनाइट किती, आर्सेनेट किती, हे सांगत नाहीत.

प्रयोगशाळेत हाच आर्सीन वायू अधिक नियंत्रित रीतीने निर्माण करून अणुशोषण किंवा अणुप्रतिदीप्ती यंत्राने मोजतात. येथे रूपभेद ओळखण्याची एक युक्ती उपलब्ध होते. द्रावणाची आम्लता सौम्य ठेवली, तर केवळ आर्सेनाइटाचे आर्सीन होते. तीव्र अम्ल आणि पोटॅशियम आयोडाइडसारखे क्षपणकारी द्रव्य आधी घातले, तर आर्सेनेटही आर्सेनाइट होऊन मोजले जाते. दुसऱ्या राशीतून पहिली वजा केली, की आर्सेनेट मिळते. परंतु वजाबाकीने मिळालेल्या संख्येत दोन्ही मोजण्यांची अनिश्चितता एकत्र येते. समजा, एकूण १०० आणि आर्सेनाइट ९० भरले आणि प्रत्येकात १०ची अनिश्चितता असली, तर आर्सेनेट '१०' या उत्तराला फारसा अर्थ उरत नाही. १९७३मध्ये ब्रॅमन आणि फोरबॅक यांनी मिथिल रूपांपासून बनणारे वायू गोठवून, मग तापमान हळूहळू वाढवून, ते आपापल्या उत्कलनबिंदूंनुसार एकामागून एक सुटे केले आणि निसर्गातील पाण्यात मिथिल रूपे असल्याचे दाखवून दिले. रूपविवेकाच्या इतिहासातील हा महत्त्वाचा टप्पा होय.

सांप्रत सर्वाधिक प्रमाणभूत मानली जाणारी पद्धत दोन यंत्रांच्या जोडणीची आहे. पहिले यंत्र म्हणजे द्रव-वर्णलेखनाचा स्तंभ. ऋण आयनांना आकर्षित करणाऱ्या कणांनी तो भरलेला असतो. भाररहित आर्सेनाइट त्यातून लवकर निसटते, मिथिल रूपे मागून येतात आणि आर्सेनेट बहुधा सर्वांत शेवटी. स्तंभातून जे क्रमाने बाहेर पडते, ते दुसऱ्या यंत्रात जाते. तेथे आर्गॉन वायूच्या, हजारो अंश तापलेल्या, प्लाझ्मात सर्व रेणू मोडून त्यांचे सुटे आयन होतात आणि वस्तुमानानुसार मोजले जातात. आर्सेनिकचे वस्तुमान ७५. या यंत्राला रूप कळत नाही. ते केवळ ७५ या वस्तुमानाचे आयन मोजते. रूप कळते ते आयन केव्हा आले यावरून.

येथेच क्लोरीनची अडचण उद्भवते. आर्गॉनचे वस्तुमान ४०, क्लोरीनच्या प्रमुख समस्थानिकाचे ३५. दोन्ही प्लाझ्मात जोडले गेले, की ७५ होते आणि यंत्राला ते आर्सेनिकच वाटते. यावर उपाय म्हणून हेलियम वायूशी टक्कर घडवून असे जोड-आयन गाळले जातात, किंवा आर्सेनिकला ऑक्सिजन जोडून ते ९१ या वस्तुमानावर मोजले जाते.

अखेरची कसोटी हिशेबाची. सर्व रूपांची बेरीज स्वतंत्रपणे मोजलेल्या एकूण आर्सेनिकशी जुळली पाहिजे. बेरीज कमी भरली, तर काहीतरी स्तंभात अडकले आहे, साक्यात गेले आहे, किंवा आपल्याला अज्ञात असे एखादे रूप शिल्लक आहे. जेथे ताळा जुळत नाही, तेथे पुढील संशोधनाची दिशा सापडते.

७. संख्या, रंग आणि निर्णय

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न विचारला जातो. कारण मानकांना रूपाशी कर्तव्य नाही. जागतिक आरोग्य संघटनेने १९५८मध्ये २००, १९६३मध्ये ५० आणि १९९३मध्ये १० मायक्रोग्रॅम अशी मर्यादा सांगितली. भारतीय मानकही पूर्वीच्या ५०वरून १०वर आले. या सर्व संख्या एकूण आर्सेनिकच्या आहेत. पिणाऱ्याच्या दृष्टीने हे सर्वस्वी चुकीचेही नाही. आर्सेनेट प्याले, तरी शरीरात त्याचे आर्सेनाइट होतेच. विहीर वापरावी की न वापरावी, हे ठरविण्यास एकूण राशी पुरेशी आहे.

परंतु पाणी शुद्ध करून प्यायचे ठरले, की रूपाचा प्रश्न अटळ होतो. लोह किंवा अॅल्युमिनियमच्या ऑक्साइडांवर आधारलेल्या गाळण्या आर्सेनेट चांगले धरतात. भाररहित आर्सेनाइट त्यांतून बऱ्याच अंशी निसटते. म्हणून त्याचे आधी ऑक्सिडीकरण करावे लागते. दोन गावांच्या विहिरींत प्रत्येकी १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक असले, तरी एका गावात एखादी गाळणी उत्तम चालेल आणि दुसऱ्या गावात तीच निष्फळ ठरेल. पश्चिम बंगालात बसविलेल्या १९ संयंत्रांच्या पाहणीचे निष्कर्ष २००५मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांतील एकालाही पाणी सातत्याने १० मायक्रोग्रॅमच्या आत राखता आले नव्हते. त्याची कारणे अनेक होती, देखभालीचा अभाव हेही त्यांतलेच. मात्र आपल्या विहिरीत कोणते रूप किती आहे, हे न पाहता संयंत्र निवडणे म्हणजे भाषा न ओळखता अनुवादक नेमणे होय.

बांगलादेशात २०००च्या आसपास सुमारे ५० लाख नलकूप क्षेत्रीय संचांनी तपासून रंगविण्यात आले : ५० मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक असल्यास लाल, कमी असल्यास हिरवा. निरक्षर माणसालाही कळावी अशी ही लिपी होती आणि असंख्य कुटुंबांनी तिच्यामुळे विहीर बदलली. पण दोन रंगांच्या लिपीत मधल्या छटांना जागा नव्हती. ४५ मायक्रोग्रॅमचे पाणी हिरवे ठरले, जरी जागतिक शिफारशीनुसार ते चौपटीहून अधिक दूषित होते. भारतात २०१९मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच स्त्रियांना पाणी तपासणीचे प्रशिक्षण देण्याची योजना केली गेली. त्यांच्या हाती येणाऱ्या रंगपट्टीला काय सांगता येते आणि काय सांगता येत नाही, हे त्यांच्या भाषेत समजावून देणे हे भाषेच्या अभ्यासकांचेही काम आहे.

मोजणीच न करण्याचा प्रसंग तर याहून गंभीर. १९९२मध्ये एका ब्रिटिश भूशास्त्रीय संस्थेने बांगलादेशातील काही नलकूपांच्या पाण्यातील अनेक मूलद्रव्ये मोजली; त्यांत आर्सेनिक नव्हते. पुढे एका रुग्णाने या वगळण्याबद्दल दाद मागितली. २००६मध्ये ब्रिटनच्या लॉर्ड्स सभागृहाने, त्या देशातील नागरिकांप्रती संस्थेचे असे उत्तरदायित्व नव्हते, या भूमिकेतून दावा फेटाळला. कायद्याचा निर्णय काहीही असो; अहवालात जे मूलद्रव्य नसते, ते वाचणाऱ्याला पाण्यातही नसल्यासारखे वाटते, हा धडा उरतोच.

८. परिभाषेचा प्रश्न

आता मूळ प्रश्नाकडे वळू. इंग्रजीतील 'स्पीशीज' हा शब्द रसायनशास्त्राने जीवशास्त्राकडून उसना घेतला. मराठीत जीवशास्त्रासाठी 'जाती' किंवा 'प्रजाती' रूढ झाल्यामुळे अनुवादकाने तोच रसायनशास्त्रात आणला. परंतु जीवशास्त्रीय जाती सामान्यतः एकमेकींत बदलत नाहीत. आर्सेनाइट आणि आर्सेनेट मात्र बाटलीतल्या बाटलीत एकमेकांत बदलतात. त्यांचे नाते जातींचे नसून रूपांचे आहे. व्याकरणातील धातू आणि त्याची रूपे यांच्याशी ते अधिक जुळते : मूलद्रव्य एक, परिस्थितीनुसार त्याची रूपे भिन्न, आणि प्रत्येक रूपाचे कार्य निराळे.

२०००मध्ये रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघाने या परिभाषेत एक उपयुक्त भेद केला. एखाद्या मूलद्रव्याची विविध रूपांमध्ये असलेली वाटणी ही एक गोष्ट. ती वाटणी शोधून मोजण्याची कृती ही दुसरी. सामान्य व्यवहारात दोहोंसाठी 'स्पीशिएशन' हा एकच शब्द वापरला जात होता. मराठीत पहिल्यासाठी 'रूपविभाजन' आणि दुसऱ्यासाठी 'रूपमापन' असे शब्द सुचविता येतील. पाण्यात रूपविभाजन असतेच, आपण मोजा अथवा न मोजा. रूपमापन मात्र कोणीतरी करावे लागते. पत्रकातील शब्द अखेर 'आर्सेनिकची रूपे' असा बदलला, आणि 'विंधन विहिरी'च्या जागी 'नळविहीर' आली. दोन्ही शब्द कोणत्याही कोशाशिवाय समजतात.

९. समारोप

आर्सेनिकच्या रूपमापनात तीन गोष्टींची सांगड घालावी लागते. नमुना घेताना मूळ स्थिती जपणे, यंत्राकडून भिन्न रूपे भिन्न म्हणून ओळखून घेणे, आणि शेवटी रूपांची बेरीज एकूण राशीशी ताडून पाहणे. यांतील एकही पायरी गाळली, तर हाती येणारी संख्या नेमकी दिसेल, पण विश्वासार्ह असणार नाही. क्षेत्रीय संच, वजाबाकीची पद्धत आणि जोड-यंत्रे यांपैकी कोणतीही एक सर्वत्र पुरेशी नाही. प्रश्न विहीर बंद करण्याचा आहे, गाळणी निवडण्याचा आहे, की रुग्णाच्या शरीरात काय घडते आहे हे जाणण्याचा आहे, यावरून साधन ठरते. आदल्या दिवशी कोळंबी खाल्लेल्या माणसाच्या मूत्रातील एकूण आर्सेनिक पाहून त्याला दूषित पाण्याचा बळी समजणे जितके चुकीचे, तितकेच हिरवा रंग पाहून पाणी निर्दोष समजणे.

पोथीतील चुकीच्या अक्षरावर हरताळ लावला जाई, तो त्यावर शुद्ध पाठ लिहिता यावा म्हणून. वाक्प्रचारात केवळ पुसून टाकण्याचा अर्थ शिल्लक राहिला. पुन्हा लिहिण्याचा अर्थ हरवला. पाण्याविषयीच्या आपल्या अहवालांत, मानकांत आणि अनुवादांत रूपांचा उल्लेख पुसला गेला आहे. तो पुन्हा लिहिणे रसायनशास्त्रज्ञाला एकट्याने शक्य नाही. ज्या भाषेत गावातील माणूस आपल्या विहिरीविषयी बोलतो, त्या भाषेच्या अभ्यासकालाही त्यात सहभागी व्हावे लागेल.